हुकूम सुटला, पण झडप मिटली का?

अणुभट्टी संगणकाच्या हाती देता येते, याचं पहिलं श्रेय संगणकाला नाही, निसर्गाला आहे. एका विखंडनातून, म्हणजे अणूचं केंद्र फुटण्यातून, सुटलेला न्यूट्रॉन पुढचं विखंडन घडवतो. साध्या पाण्याच्या भट्टीत हा फेरा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पुरा होतो. सगळेच न्यूट्रॉन असे तडकाफडकी सुटले असते, तर न्यूट्रॉन शोषून भट्टीला लगाम घालणारे नियंत्रक दांडे हलेपर्यंत खेळ आटोपला असता. पण युरेनियम-२३५च्या विखंडनात सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन रेंगाळतात. काही तर मिनिटभर. त्या उशिरावरच सगळं नियंत्रण उभं आहे.

रोजचा कारभार त्यामानाने सोपा: न्यूट्रॉनांचं प्रमाण, तापमान, दाब मोजायचे आणि शक्ती थोडी खालीवर करायची. कॅनडाच्या कँडू भट्ट्यांमध्ये १९७०च्या दशकापासून हे काम संगणकच करतात. एक चालवतो, दुसरा त्याची जागा घ्यायला सज्ज असतो.

भट्टी बंद पाडणारी यंत्रणा मात्र वेगळी ठेवतात, आणि तिथे कुणाचाच शब्द एकट्याने चालत नाही. कित्येक ठिकाणी तीन स्वतंत्र मापकांपैकी दोघांचं एकमत झालं, तरच भट्टी बंद होते. एक बिघडला म्हणून उगाच बंद नको आणि एक गप्प बसला म्हणून चालूही राहायला नको. अनेक भट्ट्यांत दांडे विद्युतचुंबकांनी वर धरलेले असतात. वीज गेली की ते स्वतःच्या वजनाने दोनेक सेकंदांत खाली येतात. इंग्लंडमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या साइझवेल-बी केंद्रात संगणकी संरक्षणाच्या जोडीला संगणक नसलेली दुसरी यंत्रणाही ठेवली. मला हा संशयीपणा फार शहाणपणाचा वाटतो.

कारण यंत्र खोटं न बोलताही फसवू शकतं. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. दाब कमी करणारी झडप उघडली ती मिटलीच नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण तो झडपेची स्थिती नव्हे, तर तिला सुटलेला हुकूम दाखवत होता. भट्टी थंड ठेवणारं आपत्कालीन पाणी आपोआप सुरू झालं होतं. भट्टीत पाणी फार झालंय, असं समजून कर्मचाऱ्यांनीच ते कमी केलं. शंभराहून जास्त इशारे एकदम वाजत होते, आणि संगणकाचा प्रिंटर घटनांच्या तासाभराहून अधिक मागे पडला होता. झडपेतून दोन तासांहून जास्त वेळ पाणी वाहून गेलं, आणि भट्टीच्या गाभ्याचा, म्हणजे इंधन असलेल्या भागाचा, मोठा हिस्सा वितळला.

त्यानंतर अमेरिकेत अशा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी सोय सक्तीची झाली.