पत्रा वजनानं नाही, वाऱ्यानं जातो
"पत्र्याच्या घराला सोलर पेलत नाही, आधी स्लॅब टाका," हे बीड-लातूरकडं वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. पॅनलचं वजन चौरस मीटरला जेमतेम 11-12 किलो. खरा धोका वळवाच्या वाऱ्याचा. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 47 किलोंच्या घरात जातो, आणि खालून शिरला की तो पॅनल वर उचलतो. म्हणून स्क्रू नुसत्या पत्र्यात नको, खालच्या लोखंडी पाइपात घट्ट बसलाच पाहिजे. तोही पन्हाळीत नव्हे, उंचवट्यावर, रबरी वायसर घालून. नाहीतर घर गळणार. पाइप गंजलेले असतील तर आधी ते बदला. नुसते दगड ठेवून पॅनल दाबलेले दिसले की माझा जीव वरखाली होतो.