ट्रेनरवरून वेगवान विमानाकडे: पात्रता, एन्डॉर्समेंट आणि कागदपत्रं

खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला, सेसना १७२ किंवा पायपर वॉरियर अशा ट्रेनरवर, म्हणजे शिकण्याच्या विमानावर, हात बसला, की पुढचा प्रश्न हमखास येतो. १७० नॉटने (तासाला १७० नॉटिकल मैल) जाणारं विमान उडवायचं तर नवीन परवाना काढावा लागतो का?

नाही. कायदा वेग विचारतच नाही. इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे, चाकं आत ओढली जातात का, प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलता येतो का, केबिन प्रेशराइज्ड (उंचावरही आत हवेचा दाब राखणारी) आहे का, अशा गोष्टी तो पाहतो. त्यामुळे हवेत जवळपास सारख्याच वेगाने जाणारी दोन विमानं कागदावर वेगवेगळ्या रांगेत उभी राहतात. विमान पसंत करण्याआधीच हे समजून घेतलेलं बरं.

अमेरिकी नियमांखाली

एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, नियमावलीत कलम ६१.३१ आहे. आपल्या कामाच्या बहुतेक गोष्टी त्यातच सापडतात.

आत जाणारी चाकं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) आणि कोन बदलणारा प्रोपेलर, ही तिन्ही असतील तर विमान ‘कॉम्प्लेक्स’. एखादं इंजिन २०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकदीचं असेल तर ‘हाय परफॉर्मन्स’. इथे ‘पेक्षा जास्त’ हे शब्द नीट वाचा. २०० हॉर्सपॉवरचं पायपर ॲरो कॉम्प्लेक्स आहे, पण हाय परफॉर्मन्स नाही. सेसना १८२ च्या २३० हॉर्सपॉवरच्या साध्या मॉडेलची चाकं बाहेरच असतात, म्हणून ते हाय परफॉर्मन्स आहे पण कॉम्प्लेक्स नाही. सिरस एसआर२२ चंही तसंच: ३१० हॉर्सपॉवर, चाकं पक्की. प्रत्येक प्रकारासाठी प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. बोनान्झा ए३६ दोन्हीत बसतं, म्हणून त्याला दोन्ही सह्या लागतात. दोन इंजिनांची बेरीज करायची नसते. १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं असली तरी विमान हाय परफॉर्मन्स ठरत नाही.

ही सही म्हणजेच एन्डॉर्समेंट. अधिकृत प्रशिक्षक जमिनीवरचं आणि हवेतलं प्रशिक्षण देतो, तुम्ही ते विमान आणि त्याच्या यंत्रणा नीट हाताळू शकता याची खात्री करतो आणि लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) तशी नोंद करून सही करतो. एफएएकडे अर्ज नाही, फी नाही, परीक्षक नाही, लेखी पेपर नाही. किमान तासही ठरवलेले नाहीत. प्रशिक्षकाचं समाधान हाच निकष. सही एकदाच घ्यायची, ती आयुष्यभर चालते. नोंदीचा नमुना मजकूर एसी ६१-६५ या परिपत्रकात आहे. प्रशिक्षकाला तोच वापरायला सांगा. मोघम दोन ओळी लिहून घेतल्या तर पुढे विमा कंपनी शंका काढते.

४ ऑगस्ट १९९७ पूर्वी अशा विमानात पायलट-इन-कमांड (उड्डाणाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून तास नोंदवलेल्यांना कॉम्प्लेक्स आणि हाय परफॉर्मन्सच्या सहीतून सूट आहे. विमान प्रेशराइज्ड असेल आणि त्याची कमाल उंची २५,००० फुटांच्या वर असेल तर तिसरी, हाय अल्टिट्यूडची सही लागते. जेट किंवा १२,५०० पौंडांपेक्षा जड विमान हा टाइप रेटिंगचा (ठरावीक मॉडेलच्या वेगळ्या पात्रतेचा) विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

युरोपात

ईएएसएच्या (युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेच्या) पद्धतीत एक इंजिन असलेल्या, जमिनीवरून उडणाऱ्या पिस्टन विमानांचं एकच क्लास रेटिंग, म्हणजे त्या वर्गाची विमानं उडवण्याची पात्रता, असतं, पण त्या क्लासच्या आत फरकांची यादी आहे: कोन बदलणारा प्रोपेलर, आत जाणारी चाकं, टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी यंत्रणा), प्रेशराइज्ड केबिन, शेपटीला चाक, इलेक्ट्रॉनिक पडदे आणि एकाच लिव्हरने चालणारं इंजिन. तुमच्या ट्रेनरमध्ये नसलेली जी गोष्ट नव्या विमानात असेल, तिचं डिफरन्सेस ट्रेनिंग घ्यायचं. तेही लॉगबुकात नोंदवून प्रशिक्षकाची सही घ्यायची. अमेरिकेत एसआर२२ ला एकच सही पुरते. युरोपात घड्याळी उपकरणांवर शिकलेल्याला त्याच विमानासाठी पडद्यांचं प्रशिक्षणही नोंदवावं लागतं. मला ही यादी अमेरिकी नियमापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, कारण वैमानिक गोंधळतो तो नेमका याच ठिकाणी.

टीबीएमसारख्या टर्बोप्रॉपवर (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानावर) जायचं असेल तर मात्र उडी मोठी आहे. युरोपात त्यासाठी एकूण २०० तासांचं उड्डाण आणि युरोपीय व्याख्येतल्या हाय परफॉर्मन्स विमानांचा स्वतंत्र थिअरी कोर्स लागतो. अमेरिकेत तेच विमान वर सांगितलेल्या तीन सह्यांवर उडवता येतं.

विमान तिसऱ्याच देशात नोंदलेलं असेल तर आधी परवान्याचा प्रश्न सोडवा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी परवाना विमानाच्या नोंदणी-देशाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. शिकागो कराराचं कलम ३२ तेच सांगतं.

विमा: खरी अट इथे असते

सही मिळाली म्हणजे काम झालं, असं समजून विमान घेणारे पुष्कळ असतात. युरोपीय संघात थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. अमेरिकेत खासगी विमानाला संघराज्याची तशी सक्ती नाही, पण कर्ज घेतलं असेल तर बँक विम्याशिवाय पुढे जात नाही. आणि विमा कंपनी कलम ६१.३१ वर थांबत नाही. तुमचे एकूण तास किती, आत जाणाऱ्या चाकांच्या विमानातले किती, याच मॉडेलवरचे किती, गेल्या १२ महिन्यांतले किती, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) आहे का, पूर्वी अपघात किंवा कारवाई झाली आहे का, हे सगळं अर्जात भरून द्यावं लागतं. त्यावरून ती अट घालते: प्रशिक्षकासोबत इतके तास, मग प्रवाशांशिवाय एकट्याने इतके, त्यानंतरच घरच्यांना बसवायचं. प्रशिक्षकही त्याच मॉडेलचा अनुभवी हवा, असं पॉलिसीत लिहिलेलं असू शकतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी विमा एजंटकडून लेखी अटी मागवा, मग प्रशिक्षक ठरवा, टोकन रक्कम सगळ्यात शेवटी. चाकं न काढताच उतरण्याचे अपघात विमा कंपन्यांच्या चांगलेच परिचयाचे आहेत, त्यामुळे आत जाणाऱ्या चाकांचा हप्ता पहिल्या वर्षी बोचतो. मित्राचं विमान उडवणार असाल तर पॉलिसीतलं ओपन पायलट कलम (पॉलिसीत नाव नसलेल्या वैमानिकासाठीची अट) वाचा. त्यातले किमान तास तुमच्याकडे नसतील तर तुमचं नाव पॉलिसीत घालून घ्यावं लागेल.

प्रशिक्षणात काय मागून घ्यायचं

लिव्हरचा क्रम एका दिवसात जमतो: ताकद वाढवताना आधी प्रोपेलर, मग थ्रॉटल, कमी करताना आधी थ्रॉटल, मग प्रोपेलर. खरा वेळ खातं ते खाली येणं. समजा ८,००० फुटांवरून १,००० फुटांवर यायचंय, मिनिटाला ५०० फूट या दराने. म्हणजे १४ मिनिटं. १०० नॉटला एवढ्या वेळात साधारण २३ नॉटिकल मैल कापले जातात, १७० नॉटला ४०. ट्रेनरची सवय असलेला माणूस उतरायला उशिरा सुरुवात करतो आणि धावपट्टी दिसेपर्यंत वर आणि जोरात राहतो. गुळगुळीत अंगाचं विमान खाली येता येता वेग सोडत नाही; दोन्हींसाठी वेगळी जागा राखावी लागते. चाकं कमाल किती वेगापर्यंत बाहेर काढता येतात आणि बाहेर असताना किती वेगाने जाता येतं, हे दोन आकडे हँडबुकातून पाठ करा.

वीज गेल्यावर चाकं हाताने कशी काढायची, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय सही घेऊ नका. बोनान्झात पुढच्या सीटच्या मागे हँडल असतं, ते सुमारे ५० वेळा फिरवावं लागतं. विमान सरळ ठेवून, मागे हात घालून हे करणं वाचायला सोपं वाटतं.

सोबत ठेवायची कागदपत्रं

- वैमानिकाचा परवाना आणि सरकारी ओळखपत्र
- चालू मुदतीचं मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र). एफएएच्या थर्ड क्लास मेडिकलची मुदत तपासणीच्या दिवशी वय ४० पेक्षा कमी असेल तर ६० महिने, नाहीतर २४.
- लॉगबुक, फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकासोबतची उजळणी) २४ महिन्यांच्या आतला, किंवा युरोपात क्लास रेटिंगची चालू मुदत
- त्या विमानाचं हँडबुक आणि त्याच विमानाचा ताजा वजन-संतुलन तक्ता
- विमानाचं नोंदणी आणि उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र
- विमा पॉलिसी, वैमानिकांच्या अटींच्या पानासह

अमेरिकेत बेसिकमेडवर (नेहमीच्या मेडिकलऐवजी मिळणाऱ्या सवलतीवर) उडणाऱ्यांनी टर्बो विमान घेताना थांबून विचार करावा. त्या सवलतीत १८,००० फुटांच्या वर आणि २५० नॉटपेक्षा जास्त वेगाने जाता येत नाही. ज्या उंचीसाठी टर्बोचे पैसे मोजले, तीच कायद्याने बंद.

सही झाल्यानंतरची एक फट ध्यानात ठेवा. प्रवासी नेण्यासाठी अमेरिकेत ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात, पण ती त्याच क्लासमधली असली की पुरे. म्हणजे शेपटीला चाक नसलेल्या बोनान्झात दिवसा प्रवासी बसवायला १७२ मधली लँडिंगही चालतात. ही मुभा वापरू नये असं माझं मत आहे. नव्या विमानाची लँडिंग लॉगबुकात वेगळ्या रंगाने लिहीत जा आणि ९० दिवस त्यांच्यावरूनच मोजा.