चकाकीच्या पलीकडची त्वचा

गालावरच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा म्हणून आपण फ्लॅश मारतो आणि पुरळाच्या जागी पांढरा ठिपका उमटतो. यावर 'लेन्सला पोलरायझर लाव' असा सल्ला हमखास मिळतो. तळ्याच्या पाण्यावरची चकाकी त्या फिल्टरने जाते, पण फ्लॅशसमोर तो एकटा काहीच करू शकत नाही.

प्रकाशलहरीचं कंपन तिच्या वाटेशी काटकोनात होतं. साध्या प्रकाशात ही कंपनं सगळ्या दिशांना असतात, तर ध्रुवित प्रकाशात एकाच दिशेला. पोलरायझर फक्त एका दिशेची कंपनं पुढे सोडतो. तिरपं परावर्तनही प्रकाशाला ध्रुवित करतं. 1808 साली पॅरिसमध्ये मालूस या शास्त्रज्ञाने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन स्फटिकातून बघताना हे टिपलं. पाण्यासाठी लंबापासून सुमारे 53 अंशांवर हा परिणाम पूर्ण होतो. पण फ्लॅश समोरून पडतो. सरळ गेलेला प्रकाश सरळ परततो आणि ध्रुवित होत नाही. मग फिल्टरने निवड करायची कशाची?

म्हणून एक पोलरायझर फ्लॅशवर लावायचा आणि लेन्सवरचा त्याच्याशी 90 अंशांत फिरवायचा. आता त्वचेवर पडतो तो ध्रुवित प्रकाश. त्यातला जेमतेम 4-5 टक्के वरच्या थरावरूनच उलटतो. त्याची कंपनदिशा तशीच राहते आणि लेन्सवरचा फिल्टर त्याला अडवतो. बाकीचा आत शिरतो, त्वचेतल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंवर पुन्हा पुन्हा आपटतो आणि या धडपडीत आपली मूळ दिशाच विसरतो. बाहेर येतो तेव्हा त्याची कंपनं सगळीकडे विखुरलेली असतात, त्यामुळे निम्मा प्रकाश फिल्टरमधून सुटतो. फोटो बनतो तो या दिशा विसरलेल्या प्रकाशाचा! तो त्वचेच्या आत जाऊन आलेला असतो, म्हणून मेलॅनिन या रंगद्रव्याचे डाग आणि रक्तवाहिन्यांची लाली त्यात स्वच्छ दिसते. दोन फिल्टरांत बराच प्रकाश खर्ची पडतो, तेवढा फ्लॅश वाढवावा लागतो.

फिल्टर समांतर ठेवले तर उलट घडतं: चकाकी उठून दिसते, तिच्याबरोबर सुरकुत्या आणि खपल्याही. चकाकी नेहमी शत्रू नसते. लायकेन प्लॅनस या त्वचारोगाच्या पुरळाची चमक हीच त्याची एक ओळख आहे, म्हणून साधा फोटोही सोबत हवाच.

'त्वचेखाली लपलेलं नुकसान' दाखवून महागडी क्रीम विकणारी यंत्रं काही ठिकाणी हेच तंत्र वापरतात. त्या पडद्यावर निरोगी माणसाचाही चेहरा डागाळलेला दिसतो. मेलॅनिन कुणाच्याच त्वचेत सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. तो फोटो म्हणजे निदान नव्हे.

आणखी एक. डागाचं माप कळावं म्हणून शेजारी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवू नका. साच्यात ओतताना तिच्यात ताण गोठलेला असतो, तो ध्रुवित प्रकाशाची दिशा बदलतो आणि पट्टीवर इंद्रधनुष्य उमटतं. कागदी पट्टी वापरा.