नाझर, मंजूर आणि अरबीचं व्याकरण
(आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी)

कोर्टातला नाझर आणि अर्जावरचा ‘मंजूर’ हा शेरा, दोन्ही शब्द अरबी आणि एकाच धातूचे: न-ज़-र, म्हणजे पाहणं. नाज़िर पाहणारा, मन्ज़ूर पाहिलेलं. फोंड्यातल्या आमच्या शिकवणीत पहिल्या तासाला फळ्यावर अशाच जोड्या असतात. जालीम-मजलूम, म्हणजे जुलूम करणारा आणि जुलूम सोसलेला, ही दुसरी. मग एक जोडी अर्धीच लिहितो: कातिब म्हणजे लिहिणारा, तर ‘लिहिलेलं’ काय? मुलं आपसांत वाद घालतात आणि ‘मकतूब’पर्यंत पोचतात. इस्म फ़ाइल (करणारा), इस्म मफ़ऊल (केलेलं) ही नावं आम्ही त्यानंतरच सांगतो.

धातू ओळखण्यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. अरबी शब्दकोश बहुधा धातूंच्या क्रमाने लावलेले असतात. ‘मकतबा’ (ग्रंथालय) हा शब्द म खाली शोधणाऱ्या मुलाला तो सापडत नाही. क-त-ब खाली पाहावं लागतं.

नामाआधी लागणाऱ्या ‘अल’चा (इंग्रजीतल्या ‘the’सारखा) उच्चारही मुलांनीच सोडवायचा. अल-क़मर, अल-बैत, पण अश-शम्स, अन-नूर. ल कुठे गेला? अक्षरं मोठ्याने म्हणताना जीभ कुठे टेकते, एवढंच बघायला सांगतो. अठ्ठावीस अक्षरांचे, ल टिकतो ते आणि ल गळतो ते, असे चौदा-चौदाचे दोन गट मुलं बहुतेक स्वतःच पाडतात.

संख्यांचं कोडं सर्वांत अवघड, आणि आम्हाला सर्वांत आवडतं. तीन मुलगे: सलासतु औलादिन. तीन मुली: सलासु बनातिन. स्त्रीलिंगी शब्दांच्या शेवटी येणारा त इथे मुलग्यांच्या संख्येला लागलाय! छपाईची चूक असावी, असं मुलांना वाटतं. मग अर्बअतु औलादिन, अर्बउ बनातिन दाखवतो. तीन ते दहापर्यंत हे असंच उलटं चालतं, हा नियम ज्याने स्वतः पकडला तो परीक्षेत सहसा अडखळत नाही.

पाठांतर मात्र सुटत नाही. भूतकाळाची चौदा रूपं तोंडपाठ हवीतच. द्विवचन संस्कृत घेतलेल्यांना ओळखीचंच वाटतं.

पालकांना एकच विनंती: मूल घरी कोडं घेऊन आलं तर इंटरनेटवरून उत्तर काढून देऊ नका. त्याचा तर्क ऐका, चुकलेला असला तरी वहीत लिहायला लावा. तो तर्क नेमका कुठे घसरला, यावरूनच आम्ही पुढचा तास आखतो.

नवा गट चवथीच्या सुट्टीनंतर सुरू होईल. पहिला तास मोफत. पालकांनीही येऊन बसावं.