मैफल (सोलापूर परिसर)

श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष होणारे गायन-वादन म्हणजे मैफल. सोलापुरात हा शब्द ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय रागगायनाच्या, बैठकीपुरता उरत नाही. तंबोऱ्याच्या शेजारी संबळ आणि ढोलकीही येऊन बसते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे इथे एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे एका संध्याकाळी वचन (शिवभक्तांची कन्नड रचना), अभंग आणि लावणी कानी पडल्याचे कुणाला नवल वाटत नाही.

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर सोन्नलगीचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे. त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली. याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, चोखोबांचे मंगळवेढे आहे, सावता माळींचे अरण आहे. वचन आणि अभंग दोन्ही आधी लोकांच्या तोंडी होते, रागात बांधून मैफलीत आले ते नंतर. उत्तर कर्नाटकातल्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी वचने गायली, तिथल्याच भीमसेन जोशींनी मराठी अभंग घराघरांत नेले. सोलापूरच्या श्रोत्याला या दोन्ही भाषा आपल्याच.

शास्त्रीय आणि लोकसंगीत यांच्यातला खरा सांधा मात्र लावणीत सापडतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले शाहीर राम जोशी सोलापूरचे. संस्कृतात मुरलेला हा माणूस तमाशाच्या फडात रमला आणि पुढे कीर्तनकारही झाला. फडाची लावणी उभ्याने, ढोलकीच्या तालावर रंगते. बैठकीची लावणी बसून, तबला-पेटीच्या साथीने म्हणतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी तिचा नवा अर्थ अदेतून दाखवायचा, ही रीत थेट ठुमरीची, म्हणजे उपशास्त्रीय भावगायनाची. ही लावणी ऐकलेला माणूस लोकसंगीताला ‘हलकेफुलके’ म्हणणार नाही. पोवाड्याचा बाज अगदी वेगळा. बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजाची आठवण इथे अजून निघते.

वाद्यांतही असेच नाते दिसते. तंबोऱ्याच्या चार तारा मैफलभर षड्जाचा, म्हणजे ‘सा’चा, आधार धरून ठेवतात. तुणतुण्याला एकच तार, पण ती सूरही देते आणि लयही.

गोंधळ या देवीच्या विधिगायनाचा प्रश्न वेगळा आहे. तुळजापूर इथून सुमारे ४५ किलोमीटरवर, त्यामुळे गोंधळी या भागात घरोघरी माहीत असतात. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवतांना नावे घेऊन बोलवायचे आणि मग आख्यान लावायचे, रात्र सरते. मैफलीत त्याच गोंधळाला दहा मिनिटे मिळतात आणि संबळाचा चढता ठेका तेवढा ऐकवला जातो. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाला तासभर देणाऱ्या आयोजकाने गोंधळ्याला निदान आख्यानापुरता वेळ द्यायलाच हवा. देवतांना बोलावून आख्यान न सांगणे म्हणजे रागाची आलापी करून बंदिश, म्हणजे मूळ चीजच, गाळण्यासारखे आहे.

हलगीची अडचण तर साधी, पण नेहमीची. तिचे चामडे वाजवण्याआधी जाळावर शेकावे लागते, तेव्हा कुठे ती कडकडते. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात जाळ करता येत नाही; बाहेर शेकून आत आणावी, तर पाळी येईपर्यंत ती पुन्हा उतरते. म्हणून हलगी-घुमक्याचा ताफा असला, की कार्यक्रम मोकळ्या मैदानात ठेवावा आणि हलगीवाल्यांची पाळी पहिली लावावी.