वारा फिरायची वाट पाहणारे: प्रवाळबेटांमधल्या शिडाच्या प्रवासाची पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून शिडाच्या बोटीने हिंडायचं म्हटलं की मनात एक ठरलेलं चित्र उभं राहतं. मागून येणारा संथ वारा, निळं पाणी, संध्याकाळी एखाद्या बेटाच्या आडोशाला टाकलेला नांगर. चित्र खरं आहे, पण अर्धं. दक्षिण पॅसिफिकमध्ये मे ते ऑक्टोबर हे चांगले महिने मानले जातात, पण त्या महिन्यांतही अधूनमधून वाऱ्याची घडी विस्कटते. आग्नेयेचा वारा पडतो, ईशान्य, उत्तर, पश्चिम असा फिरत जातो, ढग खाली येतात, पाऊस लागतो आणि मग एकाएकी दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो. आजच्या प्रवाशाला हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. मला मात्र या बेटांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट याच दिवसांत दिसते. तिथे माणूस पहिल्यांदा पोचला, तो वारा फिरायची वाट पाहून.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वर्षातला बराच काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. एडमंड हॅलीने १६८६ मध्ये त्यांचा नकाशा काढला. ते सरळ विषुववृत्ताकडे न वाहता पश्चिमेला का कलतात, याचा संबंध जॉर्ज हॅडलीने १७३५ मध्ये पृथ्वीच्या फिरण्याशी जोडला. युरोपातल्या खलाशांना हे वारे म्हणजे राजरस्ता वाटले, कारण त्यांना पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं होतं. पॅसिफिकमधल्या मूळ दर्यावर्दींचा प्रवास नेमका उलटा होता. लापिता संस्कृतीची माणसं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून फिजीला आणि तिथून टोंगा-सामोआला पोचली. त्यांच्या वंशजांनी मधल्या दीर्घ खंडानंतर ताहिती, मार्केसास, हवाई, रापा नुई अशी बेटं गाठली. उलांडीच्या (तोल सांभाळायला बाजूला ओंडका बांधलेल्या) आणि जोडहोडीच्या जातीची त्यांची गलबतं वाऱ्याला काहीशी तिरकी चालत. तरीही हजारो मैल वाऱ्याच्या तोंडावर जाणं म्हणजे माणसं आणि दोर दोन्ही झिजवणं.

मग ते पूर्वेला गेले कसे? या प्रश्नाने विसाव्या शतकातल्या अभ्यासकांना बरंच चकवलं. थोर हेयरडाल या नॉर्वेच्या संशोधकाच्या मते हा प्रवास अशक्यच होता, म्हणजे माणसं दक्षिण अमेरिकेतून वाऱ्याबरोबर आली असणार. ते दाखवायला १९४७ मध्ये पेरूच्या कायाओ बंदरातून त्याने बाल्साच्या ओंडक्यांचा कॉन-टिकी हा तराफा सोडला. १०१ दिवसांनी तो तुआमोतु द्वीपसमूहातल्या रारोइआ बेटाच्या प्रवाळभित्तीवर आदळला. धाडस मोठंच होतं, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं होतं. वारा कायम पूर्वेचाच असतो, असं ते गृहीतक. अँड्र्यू शार्पने १९५६ मध्ये दुसरी बाजू मांडली: लांबवरची बेटं वादळात भरकटलेल्या होड्यांना योगायोगाने सापडली. १९७३ मध्ये संगणकावर अशा भरकटण्याचे हजारो प्रवास करून पाहिले, तेव्हा नुसतं वाहत जाऊन हवाई किंवा न्यूझीलंड गाठणं जवळजवळ अशक्य असल्याचं दिसलं.

उत्तर खरं तर त्याच्या दोनशे वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं. १७६९ मध्ये ताहितीला आलेल्या जेम्स कुकच्या एंडेव्हर जहाजावर तुपाइया नावाचा, ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाचा पुरोहित आणि नावाडी चढला. कुकने त्याला हाच प्रश्न विचारला. तुपाइयाचं उत्तर कुकच्या दैनंदिनीत आहे: नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीत पावसासह पश्चिमेचे वारे वाहतात आणि बेटांवरच्या लोकांना त्यांचा उपयोग करून घेणं चांगलं जमतं. आज ज्याला आपण बिघडलेलं हवामान म्हणतो, त्याच्याकडे हा माणूस वाहन म्हणून पाहत होता. यात सुरक्षिततेचाही एक साधा हिशेब होता. पश्चिमेच्या वाऱ्यावर पूर्वेला निघालो आणि जमीन सापडली नाही, तर थोड्याच दिवसांत नेहमीचा वारा परत येणार आणि आपल्याला घराकडे नेणार. अनोळखी समुद्रात शिरताना परतीची वाट वाऱ्यानेच राखून ठेवलेली असे. तुपाइया पुढे १७७० मध्ये बटाव्हियाला आजाराने गेला. त्याने सांगितलेल्या बेटांवरून तयार झालेला नकाशा मात्र उरला आणि त्याचा अर्थ अजून उलगडला जातोय.

ही विद्या जिवंत असल्याचं १९७६ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. मायक्रोनेशियातल्या सातावल या चिमुकल्या बेटाचा माऊ पियाइलुग होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला घेऊन गेला. बोटीवर होकायंत्र नव्हतं, नकाशा नव्हता. आकाश झाकलेलं असेल तेव्हा तो लाटांवर भिस्त ठेवी. दूरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा दिवसेंदिवस एकाच दिशेने येत राहतात. स्थानिक वाऱ्याने त्यांच्यावर कितीही कालवाकालव केली, तरी बोटीचा खालचा, संथ हेलकावा बदलत नाही. तो हेलकावा अंगाने ओळखायचा आणि बोट त्याच्याशी ठरावीक कोनात ठेवायची. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, नाइनोआ थॉम्पसनच्या मार्गदर्शनाखाली हीच होडी सामोआहून पूर्वेला ताहितीकडे निघाली. कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येणारा पश्चिमेचा वारा गाठत गाठत, मध्ये कुक बेटांवर थांबत, तिने तो टप्पा पुरा केला. तुपाइयाचं म्हणणं पाण्यावर खरं ठरलं.

युरोपीयांना उष्ण कटिबंधातल्या हवेचा दुसरा चेहरा कॅरिबियनमध्ये दिसला. हरिकेन हा शब्दच तिथल्या ताइनो लोकांचा. १५०२ मध्ये कोलंबसने सांतो दोमिंगोच्या गव्हर्नरला वादळ येत असल्याचं कळवलं आणि स्पेनला निघालेला ताफा थांबवायला सांगितलं. ताफा निघाला आणि त्यातली वीसएक जहाजं बुडाली. कोलंबसने स्वतःची जहाजं किनाऱ्याच्या आडोशाला नेऊन वाचवली. १७८० च्या महावादळाने बार्बाडोसपासून मार्टिनिक, सेंट युस्टेशियसपर्यंत वीस हजारांहून अधिक बळी घेतले. इतकं भोगूनही वादळ म्हणजे नक्की काय, हे कळायला पुढची पन्नास वर्षं जावी लागली.

ते कळलं जमिनीवरच्या झाडांवरून. अमेरिकेत विल्यम रेडफिल्ड नावाचा, मूळचा खोगिरं करणारा माणूस १८२१ च्या वादळानंतर कनेटिकटमधून चालत चालला होता. एका भागात उन्मळलेली झाडं एका दिशेला पडलेली, पुढच्या भागात बरोबर उलट दिशेला. म्हणजे वारा सरळ गेला नव्हता, गोल फिरला होता. १८३१ मध्ये त्याने हे छापलं. विल्यम रीडने कॅरिबियनमधल्या जहाजांच्या नोंदी लावून तेच ताडून पाहिलं. कलकत्त्यात सागरी अपघातांच्या न्यायालयाचं काम पाहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करून १८४८ मध्ये खलाशांसाठी पुस्तक लिहिलं आणि सापाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. या सगळ्यांतून बोटीवरच्या माणसाच्या हाती एक नियम आला. दक्षिण गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र उजव्या हाताला असतं, उत्तर गोलार्धात डाव्या. दक्षिणेत वादळाच्या वाटेची डावी बाजू अधिक घातक, कारण तिथे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्याच्या वेगात मिसळतो. बॅरोमीटर आणि हा नियम एवढ्यावर पुढच्या कित्येक पिढ्यांनी समुद्र ओलांडले.

नियम माहीत असून न पाळल्याचं फळ १८८९ च्या मार्चमध्ये सामोआच्या आपिया बंदराने पाहिलं. बंदर उत्तरेला उघडं. हंगाम चक्रीवादळांचा. बेटांवरच्या वर्चस्वासाठी अमेरिका आणि जर्मनीच्या प्रत्येकी तीन युद्धनौका समोरासमोर नांगर टाकून होत्या, आणि आधी कोण हलणार या हट्टात कुणीच हललं नाही. सहाही जहाजं प्रवाळावर किंवा किनाऱ्यावर गेली. ब्रिटनचं कॅलिओपी तेवढं सुटलं. इंजिनाला पुरतं पिळूनही बंदराच्या तोंडातून ते जेमतेम एका नॉटने (ताशी एक सागरी मैल) पुढे सरकत होतं.

याच सामोआला सात वर्षांनी जोशुआ स्लोकम आपल्या ३७ फुटी स्प्रे बोटीतून एकटाच आला. १८९५ ते १८९८ या काळात त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी करणारा तो पहिलाच. हौसेच्या दर्याभ्रमणाचा इतिहास इथून धरतात. एका स्वस्त टिनच्या घड्याळावर त्याने समुद्र ओलांडले, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याचं वेळापत्रक जास्त बोलकं वाटतं. १८९६ च्या मध्याला सामोआ, मग ऑस्ट्रेलिया, दक्षिणेतला पूर्ण उन्हाळा सिडनी, मेलबर्न आणि टास्मानियाच्या थंड पाण्यात, आणि चक्रीवादळांचे महिने सरल्यावर ग्रेट बॅरियर रीफच्या आतून उत्तरेला. आजही बोटी हेच पाळतात: पनामा ओलांडून मार्केसास, तुआमोतु, ताहिती, टोंगा, फिजी आणि नोव्हेंबर उजाडताना न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया.

वेळापत्रक पाळलं म्हणजे निभावलं, असं मात्र नाही. १९८२ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या काबो सान लुकासला हंगाम संपल्यावर अवकाळी वादळ आलं आणि उघड्यावर नांगरलेल्या दोन डझनांहून अधिक बोटी वाळूत जाऊन फुटल्या. बर्नार मोआतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीची नावाजलेली जोशुआ ही बोट त्यांतच होती. त्याच हंगामात तीव्र एल निन्योमुळे चक्रीवादळं फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत, एकामागून एक, सरकली. एरवी तो भाग बराचसा सुरक्षित समजला जाई. एल निन्यो ज्याचा भाग आहे, त्या हवेच्या दाबाच्या पॅसिफिकव्यापी झोक्याचा शोध गिल्बर्ट वॉकरने भारतीय हवामान खात्याचा प्रमुख असताना मोसमी पावसाचं कोडं सोडवताना लावला होता. ताहिती आणि डार्विनच्या हवेच्या दाबांतला फरक हे आजही त्याचं मोजमाप आहे. आणि १९९४ च्या जूनमध्ये तर न्यूझीलंडहून टोंगाला निघालेल्या बोटींनी अगदी ठरलेला मुहूर्त साधला होता. फिजीजवळ तयार झालेला कमी दाब दक्षिणेला येता येता झपाट्याने खोल झाला आणि त्यांच्यावर आला. नौदलाचं मोनोवाई जहाज, मालवाहू जहाजं आणि विमानांनी मिळून २१ जणांना वाचवलं. एक बोट तिच्या तिघांसह गेली.

१ एप्रिल १९६० ला टायरॉस-१ उपग्रह वर गेला आणि समुद्राच्या मधोमध कुणाच्याही नकळत जन्मणारी वादळं दिसू लागली. उपग्रहचित्रांत सॉलोमन बेटांपासून फ्रेंच पॉलिनेशियाकडे तिरका पसरलेला ढगांचा एक लांबलचक पट्टाही उठून दिसला. हा दक्षिण पॅसिफिक अभिसरण पट्टा. इथली बरीचशी अस्थिर हवा त्याच्या हलण्यातून येते. तो उत्तरेला सरकला की बेटांवर ऊन, खाली आला की दिवसचे दिवस पाऊस. त्याच्या दक्षिणेला उच्च दाबाचं मोठं क्षेत्र येऊन बसलं, की दोघांच्या मध्ये वारा चिणला जातो आणि कसलंही वादळ नसताना ३० नॉटचा वारा आठवडाभर सुटतो. ताहितीकडे दक्षिण-आग्नेयेच्या अशा जोरकस वाऱ्याला मारामू म्हणतात.

आता बोटीवर उपग्रहामार्फत संगणकाचे अंदाज उतरवून घेता येतात. दोन-तीन दिवसांपुरता वारा कसा फिरेल, हे त्यांतून चांगलं कळतं. एकेका ढगाखालचा सोसाटा मात्र त्या अंदाजांच्या चौकटीत मावत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. ढगाच्या तळाशी क्षितिजाची उजळ रेघ दिसते की काळा पडदा पाण्यापर्यंत आलाय? अंगावर एकदम गार हवा आली का? वाऱ्याआधी पाऊस आला तर जास्त सांभाळा, हे शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांचं जुनं सांगणं आजही धरून चालतात. शीड आखडायचं ते हे सगळं अंगावर यायच्या आत.

याची खरी परीक्षा तुआमोतुमध्ये होते. बोगनव्हिलने १७६८ मध्ये या द्वीपसमूहाला ‘धोकादायक’ ठरवलं, ते उगीच नाही. इथली कंकणद्वीपं, म्हणजे कड्यासारखी गोल प्रवाळबेटं, पाण्यापासून जेमतेम वर येतात. आतलं लगून, म्हणजे कड्याने वेढलेलं पाणी, कित्येक मैल रुंद. नेहमीच्या वाऱ्यात बोटी पूर्वेच्या कडेला, माडांच्या आड नांगरतात आणि पाणी तळ्यासारखं असतं. कमी दाबाचा पट्टा जवळ आला की वारा उत्तरेवरून पश्चिमेला जातो. आता तीच कडा बोटीच्या पाठीशी येते आणि समोर अख्ख्या लगूनची रुंदी, त्यात उठलेल्या आखूड, उभ्या लाटा. बोट गोल फिरते तशी नांगराची साखळी तळातल्या प्रवाळाच्या गड्ड्यांना वेढे घालते, आखूड होत जाते आणि नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हिसके बसू लागतात. म्हणून जाणते लोक किनाऱ्यावर वाहून आलेले, काळ्या मोत्यांच्या शेतीतले तरंगे गोळा करतात आणि साखळीला ठरावीक अंतरावर बांधतात, म्हणजे ती गड्ड्यांच्या वर उचललेली राहते. नाहीतर दिवसाउजेडी, सूर्य पाठीशी असताना, दुसऱ्या कडेला निघून जायचं. अंधारात लगून ओलांडता येत नाही.

वारा दक्षिणेला येऊन स्थिरावला तरी लगेच बाहेर पडता येत नाही. दक्षिणेकडच्या मोठ्या लाटा बाहेरच्या प्रवाळभित्तीवरून आत पाणी लोटत राहतात, आणि ते सगळं पाणी भित्तीतल्या एकुलत्या तोंडातून बाहेर पडतं. भरती असो की ओहोटी, दिवसभर पाणी बाहेरच धावतं, आणि बाहेर समोरून वारा असला तर तिथे पाण्याच्या उभ्या भिंती तयार होतात. आतल्या बोटी तोंडाजवळ येऊन थांबतात. कुणीतरी डोलकाठीवर चढून पांढरं पाणी कुठपर्यंत पोचलंय ते पाहतं, खाली उतरतं आणि नांगर पुन्हा टाकला जातो.