वीसचे चाळीस झाले तेव्हा

मेंढीकोटाला चौघे बसतात, पण बाजू दोनच असतात. पाच-तीन-दोनला तिघे बसतात आणि तिथे मात्र ज्याचा तो. ज्याचे हात कमी पडले, त्याची पानं पुढच्या डावात ओढली जातात. पुण्यात 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा (यात प्रत्येक जण स्वतः निवडलेल्या कार्डांचा डेक घेऊन बसतो) कमांडर प्रकार पहिल्यांदा खेळणाऱ्याला हा फरक आधी समजावा लागतो. चौघे बसतात, बाजूही चार असतात, आणि डेक बांधण्याचं बरंचसं शहाणपण मात्र दोघांच्या खेळातून आलेलं असतं. डाव सुरू होण्याआधीच "तुझा डेक कितीचा?", म्हणजे किती ताकदीचा, यावरून जी हुज्जत होते, तिचं मूळ इथे आहे.

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा हा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. दोन खेळाडू, प्रत्येकी २० लाइफ; ते शून्यावर आले की माणूस बाद. सुरुवातीला एकाच कार्डाच्या किती प्रती ठेवायच्या, याला मर्यादा नव्हती. १९९४ मध्ये स्पर्धांसाठी किमान ६० कार्डं आणि एका कार्डाच्या जास्तीत जास्त ४ प्रती असा नियम झाला, आणि डेकबांधणी हे शास्त्र बनू लागलं.

तीन घराणी तेव्हाच तयार झाली. ब्रायन वाइसमनच्या कंट्रोल डेकने शिकवलं की समोरच्याचं प्रत्येक कार्ड आपल्या एकेका कार्डाने मारायचं, हातात त्याच्यापेक्षा जास्त कार्डं राखायची. जिंकायला एखाद-दोन क्रीचर, म्हणजे हल्ला करणारी कार्डं, पुरतात. १९९६ मध्ये जे श्नायडरने बांधलेला आणि पॉल स्लायने खेळलेला लाल डेक उलट्या टोकाचा. स्वस्त, किरकोळ वाटणारी क्रीचर्स, पण पहिल्या टर्नपासून एकही मॅना (लँड कार्डांतून मिळणारी, बाकी कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) वाया जात नाही. आज सगळे ज्याला मॅना कर्व्ह म्हणतात, म्हणजे स्वस्त आणि महाग कार्डांचं मोजून ठेवलेलं प्रमाण, तो याच डेकमुळे रुळला. तिसरं घराणं कॉम्बोचं: ठरावीक कार्डं जुळली की डाव तिथेच संपतो. १९९८ च्या अखेरीस 'उर्झाज सागा' संच आल्यावर डाव इतक्या लवकर संपू लागले की त्या हिवाळ्याला खेळाडू 'कॉम्बो विंटर' म्हणतात.

या तिघांचाही हिशोब समोर एकच माणूस आहे असं धरून केलेला होता.

कमांडरची सुरुवात याच काळात अलास्कात झाली. अ‍ॅडम स्टेली याने मित्रमंडळींसाठी हा प्रकार बेतला. १९९४ च्या 'लेजंड्स' संचातल्या पाच एल्डर ड्रॅगनपैकी एक तुमचा सेनापती, म्हणजे कमांडर; साधी लँड सोडून बाकी प्रत्येक कार्ड एकदाच. हे ड्रॅगन ७/७ चे, म्हणजे एका हल्ल्यात ७ डॅमेज देणारे, म्हणून एकाच कमांडरचे २१ डॅमेज झाले की माणूस बाद: सात त्रिक एकवीस. शेल्डन मेनरी या जजने (स्पर्धांच्या पंचाने) तो इतर जजांमध्ये पसरवला आणि जून २०११ मध्ये खेळ काढणाऱ्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने पहिले पाच तयार डेक काढले. तोवर १०० कार्डं आणि ४० लाइफ हे ठरून गेलं होतं.

खरी उलथापालथ या आकड्यांनी केली. 'लाइटनिंग बोल्ट' १ मॅनात ३ डॅमेज देतं. दोघांच्या खेळात सात बोल्टमध्ये काम फत्ते. कमांडरमध्ये तिघांचे प्रत्येकी ४० लाइफ, म्हणजे एकेकाला चौदा, एकूण बेचाळीस बोल्ट. त्यामुळे पहिल्या टर्नपासून हल्ला चढवणारा शुद्ध अ‍ॅग्रो इथे एकाला चौथ्या-पाचव्या टर्नला बाद करतो आणि हात रिकामे करून उरलेल्या दोघांसमोर बसतो. (बाद करणाऱ्या विषाच्या खुणांची, म्हणजे पॉयझन काउंटरची, हद्द मात्र १० वरच राहिली; म्हणून त्या खुणा देणारा इन्फेक्ट डेक बाहेर आला की टेबलावर नापसंतीचा सूर निघतो.)

वाइसमनचं तत्त्वही उलटं फिरतं. माझं एक कार्ड, तुझं एक कार्ड अशी मारामारी झाली की आपण दोघं एकेकाने मागे पडतो आणि गप्प बसलेले दोघं पुढे जातात. म्हणून कंट्रोलवाल्यांनी सुटी मारामारी कमी करून बोर्ड वाइप घेतले: एका कार्डात तिघांची क्रीचर्स साफ. २००० सालचं 'रिस्टिक स्टडी' प्रतिस्पर्धी स्पेल टाकताना जादा १ मॅना देत नसेल तर तुम्हाला कार्ड देतं. एका प्रतिस्पर्ध्यासमोर ते साधारण. तिघांसमोर हात भरून वाहतो.

कॉम्बोला चौघांचं टेबल मानवलं, कारण तिघांना एकाच वेळी हरवायला तेवढेच मॅना लागतात. अडचण फक्त कार्ड सापडण्याची. ६० मध्ये ४ प्रती असतील तर पहिल्या सात कार्डांत ते येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. कमांडर सोडून उरलेल्या ९९ मध्ये एकच असेल तर ७ टक्के. म्हणून डेक पालथा घालून कार्ड शोधून देणाऱ्या ट्यूटरना एवढा भाव. 'थासाज ओरॅकल' आणि 'डेमॉनिक कन्सल्टेशन' ही जोडी एकूण ३ मॅनात डाव संपवते: कन्सल्टेशन आपला डेक रिकामा करतं, आणि डेक रिकामा असला की ओरॅकल जिंकून देतं. क्रम चुकला की मात्र आपलाच निकाल. आधी ओरॅकल उतरवायचं, त्याचा ट्रिगर (उतरताच होणारा परिणाम) स्टॅकवर, म्हणजे अजून लागू व्हायचा, असताना कन्सल्टेशनमध्ये डेकमध्ये नसलेल्या कार्डाचं नाव घ्यायचं. कन्सल्टेशन आधी टाकलं आणि ओरॅकल काउंटर झालं, म्हणजे कुणी हाणून पाडलं, तर पुढचं कार्ड ओढायला डेकच उरत नाही.

या वेगाला लगाम घालायला २३ सप्टेंबर २०२४ रोजी कमांडरचे नियम सांभाळणाऱ्या स्वतंत्र समितीने 'मॅना क्रिप्ट' आणि 'ज्वेल्ड लोटस' या झटपट मॅना देणाऱ्या कार्डांसह चार कार्डांवर बंदी घातली. सदस्यांना धमक्या आल्या आणि आठवड्याभरात समितीने कारभार कंपनीच्या हाती दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेकची ताकद सांगणारी पाच पायऱ्यांची ब्रॅकेट पद्धत चाचणीला आली: पहिल्या दोन पायऱ्यांत 'गेम चेंजर' या प्रभावी कार्डांच्या यादीतलं एकही कार्ड नाही, तिसरीत तीनपर्यंत, पुढे मोकळं रान.

तरी नव्या डेकची पहिली चूक याहून साधी असते: लँड कमी. चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही ११ कार्डं पाहता. ३७ लँड असतील तर त्यांत सरासरी ४.१ येतात, ३३ असतील तर ३.७. तेवढ्यावर पाच मॅनाचा कमांडर वेळेत उतरत नाही, आणि तो मेला की पुढच्या वेळी २ मॅना जास्त. आधी ३६ ते ३८ लँड, दहाएक रॅम्प (जादा मॅना देणारी कार्डं), दहाएक कार्ड ओढणारी, तीन-चार बोर्ड वाइप मोजून बाजूला काढा. मग आवडती कार्डं. महाग कार्डाऐवजी प्रॉक्सी (घरी छापलेली नक्कल) वापरायची असेल तर ६३ बाय ८८ मिलिमीटरची छपाई साध्या लँडच्या पुढे स्लीव्हमध्ये सरकवा, नाहीतर पाठीमागून जाडी कळते. आणि बसण्याआधी विचारून घ्या: दोन कार्डांचा कॉम्बो आहे का, आणि साधारण कितव्या टर्नला संपतो?